‘कॅरिबियन चिकन रॅप’ घरी करायचाय? आधी बघा, त्यात कॅरिबियन नेमकं काय आहे

ही रील तुमच्याही फीडवर येऊन गेली असेल. शिजलेलं चिकन, दोन काटे घेऊन कोणीतरी ते ओढून ओढून सुटं करतंय. वर आंबा आणि अननसाचे बारीक तुकडे पडतात. मग सगळं पोळीसारख्या दिसणाऱ्या एका गोष्टीत गुंडाळलं जातं आणि स्क्रीनवर नाव येतं, ‘कॅरिबियन चिकन रॅप विथ फ्रूट सालसा’.

खाली कमेंटमध्ये दोन पार्ट्या. एक म्हणते, “रेसिपी द्या.” दुसरी म्हणते, “चिकनमध्ये आंबा? हे पाप कुठे फेडाल?”

रेसिपी आम्ही शेवटी दिलीये, तीही आपल्या बाजारात मिळणाऱ्या सामानात. पण त्याआधी एक साधा प्रश्न. सालसा हा शब्द स्पॅनिश आहे आणि जगभर पोहोचला तो मेक्सिकोच्या जेवणातून. आंबा तर आपल्याकडचा. पोळीही आपलीच वाटते. मग या रॅपमध्ये कॅरिबियन आहे तरी काय?

उत्तर आहे, बरंच काही. फक्त ते रीलच्या कॅप्शनमध्ये मावत नाही. कारण या एका रॅपमधल्या बहुतेक गोष्टी जबरदस्तीने पकडून आणलेल्या किंवा करार करून जहाजात बसवलेल्या माणसांमुळे एकत्र आल्यात.

पहिली गोष्ट: कॅरिबियन नावाचा देश नाही

आपल्याला हा भाग माहीत आहे तो क्रिकेटमुळे. ‘वेस्ट इंडिज’ म्हणून एकच टीम खेळते, त्यामुळे तो एकच देश वाटतो. प्रत्यक्षात त्या टीममध्ये जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद आणि टोबॅगो, गयाना असे वेगवेगळे देश आहेत. जमैकाचं किंग्स्टन आणि त्रिनिदादचं पोर्ट ऑफ स्पेन यांच्यातलं हवाई अंतर १,८०० किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे मुंबई ते कोलकाता यापेक्षा जास्त.

त्यामुळे ‘कॅरिबियन रॅप’ म्हणणं म्हणजे मुंबईची चटणी आणि कोलकात्याचा काठी रोल एकत्र करून त्याला ‘इंडियन रॅप’ म्हणण्यासारखं आहे. चुकीचं नाही, पण त्यातून कळत काहीच नाही. म्हणून आपण रॅपचे तीन भाग सुटे करून बघू. चिकन, पोळी आणि फळं.

चिकन: जंगलात पळालेल्या माणसांचा मसाला

या रॅपमधल्या चिकनची चव येते जमैकातल्या ‘जर्क’ पद्धतीवरून. जर्कमध्ये तीन गोष्टी लागतातच. ऑलस्पाइस, स्कॉच बॉनेट मिरची आणि थाइम नावाची पानं.

ऑलस्पाइस म्हणजे अनेक मसाल्यांचं मिश्रण नव्हे, हा मोठा गैरसमज आहे. ते एका झाडाचं वाळवलेलं फळ आहे. दिसायला मिऱ्यापेक्षा थोडं मोठं. वासात लवंग, दालचिनी आणि जायफळ एकदम आल्यासारखं वाटतं, म्हणून इंग्रजीत त्याला हे नाव पडलं. जमैकात त्याला ‘पिमेंटो’ म्हणतात. स्पॅनिश लोक मिऱ्याच्या शोधात तिकडे पोहोचले होते आणि त्यांना हे फळ मिऱ्यासारखं वाटलं. मिऱ्यासाठी असलेल्या स्पॅनिश शब्दावरूनच हे नाव आलं.

आता हे जर्क आलं कुठून? कोलंबस १४९४ साली जमैकाला पोहोचला तेव्हा तिथे टायनो लोक राहत होते. लाकडाच्या मांडवावर मांस ठेवून खालून धूर देण्याची पद्धत त्यांची. ‘बार्बेक्यू’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतून स्पॅनिशमार्गे आलाय.

पुढे स्पॅनिशांनी आफ्रिकेतून गुलाम आणले. १६५५ साली इंग्रजांनी जमैका जिंकून घेतलं तेव्हा त्या धामधुमीत अनेक गुलाम डोंगरात पळून गेले. नंतरही उसाच्या मळ्यांवरून लोक पळून त्यांना मिळत राहिले. या लोकांना ‘मरून’ म्हणतात. डोंगरात रानडुकरं होती, ऑलस्पाइसची झाडं होती, मिरच्या होत्या. रानडुकराच्या मांसाला हा मसाला चोळायचा आणि ऑलस्पाइसच्याच लाकडावर मंद आचेवर ते धुरवायचं. मांस टिकायचंही आणि सोबत नेताही यायचं. धूर दिसला तर इंग्रज सैनिकांना पत्ता लागेल, म्हणून खड्डा करून, वरून झाकून ते शिजवलं जायचं असंही सांगितलं जातं.

मरून लोकांनी इंग्रजांना इतकं जेरीस आणलं की १७३९ आणि १७४० साली इंग्रजांना त्यांच्याशी तह करावे लागले. त्यांच्या एका गटाची म्होरकी होती नॅनी. आज ती जमैकाची राष्ट्रीय वीर मानली जाते आणि तिथल्या ५०० डॉलरच्या नोटेवर तिचं चित्र आहे.

डुकराच्या जागी चिकन नंतर आलं. आज जमैकात पोर्टलँड भागातलं बोस्टन बे हे गाव जर्कसाठी प्रसिद्ध आहे. आणि हो, तिथल्या टपरीवर चिकन काट्याने सुटं करत नाहीत. हाडासकट कोयत्यासारख्या सुरीने खटाखट तोडून देतात. सुटं केलेलं चिकन ही रॅपसाठी केलेली सोय आहे.

एक बारकावा अजून. आजच्या बऱ्याच जर्क रेसिपींमध्ये सोया सॉस असतो. तो कुठून आला? १८५४ पासून जमैकात चिनी मजूर यायला लागले. पुढे चिनी कुटुंबांची किराणा दुकानं बेटभर झाली. सोया सॉस जमैकाच्या स्वयंपाकघरात रुळण्यामागे हा इतिहास आहे.

पोळी: हा रॅप गिरमिटियांचा

आता त्रिनिदादला जाऊ. ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने बंद झाली. पण सुटका झालेल्या लोकांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली १८३८ पर्यंत जुन्याच मालकांकडे राबावं लागलं. त्यानंतर मळेवाल्यांना प्रश्न पडला, ऊस तोडणार कोण? उत्तर म्हणून भारतातून मजूर नेले गेले. पाच वर्षांचा करार, म्हणजे ‘अ‍ॅग्रीमेंट’. त्याचं बोलीभाषेत झालं ‘गिरमिट’ आणि त्या मजुरांचं नाव पडलं गिरमिटिया. आपण कुठे चाललोय, किती लांब चाललोय, हे त्यातल्या अनेकांना नीट सांगितलंही गेलं नव्हतं.

१० मे १८४५ रोजी ‘ब्लंडेल’ हे जहाज भारतीय मजुरांना घेऊन जमैकाला लागलं. त्याच महिन्यात ३० मे रोजी ‘फातेल रझाक’ त्रिनिदादला पोहोचलं. त्रिनिदादमध्ये ३० मे हा ‘इंडियन अरायव्हल डे’ म्हणून आजही सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. १९१७ पर्यंत हे चालू राहिलं. त्रिनिदादला १ लाख ४० हजारांहून जास्त, जमैकाला सुमारे ३६ हजार आणि गयानाला २ लाख ३० हजारांहून जास्त माणसं गेली. बहुतेक जण आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारच्या भोजपुरी-अवधी पट्ट्यातले, कोलकात्याहून जहाजात बसलेले. काही मद्रासहून.

त्यांच्यासोबत गेली रोटी. आज त्रिनिदादमध्ये दुकानात जाऊन ‘एक रोटी द्या’ म्हटलं तर नुसती पोळी मिळत नाही. आत चिकनची किंवा बटाटा-चण्याची करी घालून व्यवस्थित गुंडाळलेला अख्खा रोल मिळतो. नुसती पोळी हवी असेल तर ‘रोटी स्किन’ मागावी लागते.

यातली सगळ्यात लोकप्रिय पोळी म्हणजे ‘धालपुरी’. शिजवून वाटलेल्या डाळीत मीठ, जिरं, मिरची घालायची आणि ते सारण पोळीत भरून लाटायचं. वाचून काही आठवलं? बरोबर. गूळ काढून टाकलेली, तिखटमिठाची पुरणपोळी. आणखी एक प्रकार म्हणजे तव्यावरच उलथन्यांनी मोडून चिंध्या केलेला पराठा. त्याचं नाव ‘बस अप शट’. ‘फाटका शर्ट’ या इंग्रजी शब्दांचा हा त्रिनिदादी उच्चार. पराठा तसाच दिसतो म्हणून.

म्हणजे ज्या गोष्टीला आपण ‘रॅप’ म्हणून पाश्चात्त्य समजतोय, तिचा खरा कॅरिबियन अवतार भारतीय मजुरांच्या चुलीवरून आलाय. त्यामुळे टॉर्टिया मिळत नाही म्हणून पोळी वापरली तर ती तडजोड नाही. त्रिनिदादच्या हिशोबाने तेच जास्त बरोबर आहे.

या स्थलांतराचा एक धागा थेट मराठी घरातही आलाय. गयानाचा मोठा बॅट्समन रोहन कन्हाय हा याच भारतीय वंशाच्या समाजातला. सुनील गावसकरांनी मुलाचं नाव ‘रोहन’ ठेवलं ते त्याच्यावरूनच.

फळं: सालसा कसला, हा तर चाउ

आता आंब्याकडे. १७८२ साली एक फ्रेंच जहाज हिंदी महासागरातल्या बेटांवरून कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीकडे रोपं घेऊन चाललं होतं. ब्रिटिश नौदलाने ते वाटेत पकडलं आणि त्यावरची आंब्याची रोपं जमैकात उतरली. रोपांवर नावं नव्हती, नंबर होते. म्हणून जमैकात आजही आंब्याच्या एका जातीचं नाव ‘नंबर इलेव्हन’ आहे.

आणि त्रिनिदादमध्ये लोक या आंब्याचं काय करतात? कच्चा किंवा पाडाला आलेला आंबा कापायचा, त्यात मीठ, ठेचलेली मिरची, लसूण, लिंबू आणि ‘शॅडो बेनी’ नावाची पानं घालायची. याला म्हणतात ‘मँगो चाउ’. अननसाचाही चाउ होतो. शाळेबाहेर तिखटमीठ लावलेली कैरी खाल्लेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

शॅडो बेनी म्हणजे लांब पानांची, कोथिंबिरीच्याच पण जास्त उग्र वासाची वनस्पती. त्रिनिदादमध्ये तिचं दुसरं नाव आहे ‘बनधनिया’, म्हणजे रानातली कोथिंबीर. अनोळखी बेटावर ओळखीचा वास सापडला तेव्हा लोकांनी तिला आपल्या भाषेतलं नाव देऊन टाकलं.

उलट दिशेनेही माल आला, हे विसरायचं नाही. मिरची, अननस, पपई, पेरू या सगळ्या अमेरिका खंडातल्या गोष्टी. पोर्तुगिजांमुळे त्या आपल्याकडे पोहोचल्या. ‘अननस’ हा शब्दही पोर्तुगिजांनी दक्षिण अमेरिकेतून उचलून आणलेला. थोडक्यात, आंबा तिकडे गेला आणि मिरची इकडे आली.

मग आपण याला ‘जर्क’ म्हणायचं की नाही?

२०१८ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये यावरून मोठा वाद झाला होता. प्रसिद्ध शेफ जेमी ऑलिव्हरने ‘पंची जर्क राइस’ नावाचं पाकीट बाजारात आणलं. जमैकन आई-वडिलांच्या पोटी जन्मलेल्या खासदार डॉन बटलर यांनी त्याला ट्विटरवरून जाब विचारला. जर्क म्हणजे काय हे तुला माहीत तरी आहे का, असा त्यांचा सूर होता. माल खपवण्यासाठी वाटेल त्या पदार्थापुढे चिकटवायचा हा शब्द नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या पाकिटात पारंपरिक जर्कमधल्या कित्येक गोष्टी नव्हत्याच. ऑलिव्हरची बाजू अशी होती की प्रेरणा कुठून मिळाली हे दाखवायला आपण ते नाव दिलं.

दोन्ही बाजूंनी भरपूर भांडण झालं. ‘आता काय पिझ्झाही इटालियन लोकांनीच करायचा का’ असंही लोक म्हणाले. पण बटलर यांचा मुद्दा ‘तुम्ही करू नका’ एवढाच नव्हता. ज्या पद्धतीमागे गुलामगिरीतून पळालेल्या माणसांचा जगण्याचा झगडा आहे, तिचं नाव वापरून पैसे कमवताना निदान ती पद्धत काय आहे हे तरी माहीत असावं, हा तो मुद्दा. उद्या कोणी टोमॅटो केचप घातलेल्या उसळीला ‘कोल्हापुरी मिसळ’ म्हणून परदेशात पाकिटं विकली, तर आपल्या कमेंट कशा असतील याची कल्पना करा.

म्हणून आपला नियम साधा ठेवू. बदल करायचे, पण काय बदललं ते माहीत असू द्यायचं. खालच्या रेसिपीत ऑलस्पाइसच्या लाकडाचा धूर नाही, त्यामुळे ते ‘जर्क मसाल्याचं चिकन’ आहे. जमैकातलं जर्क नाही. एवढा फरक कॅप्शनमध्ये लिहिला की झालं.

रेसिपी: चार जणांसाठी

चिकनसाठी:
– बोनलेस लेग किंवा थाय पीस, ५०० ग्रॅम
– ऑलस्पाइस पूड, दीड छोटा चमचा
– मिरे पूड, १ छोटा चमचा
– पातीचा कांदा ४ काड्या, लसूण ६ पाकळ्या, आलं १ इंच
– हिरव्या तिखट मिरच्या ३ ते ४
– ओव्याची पानं ३
– गूळ आणि सोया सॉस, प्रत्येकी १ मोठा चमचा
– एका लिंबाचा रस, तेल २ मोठे चमचे, मीठ पाऊण छोटा चमचा

ऑलस्पाइस घेताना काळजी घ्या. बाजारात ‘कबाबचिनी’ या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. दाण्याला छोटं शेपूट असेल तर ते कंकोळ. आपल्याला बिनशेपटीचा गोल दाणा हवाय. नाहीच मिळाला तर पाऊण चमचा दालचिनी पूड, पाव चमचा लवंग पूड आणि पाव चमचा जायफळ पूड घ्या. लवंगेच्या वासामागे जे युजेनॉल असतं, तेच ऑलस्पाइसच्या तेलातही मुख्य असतं, त्यामुळे वास बराच जवळ जातो.

थाइमऐवजी ओव्याची पानं का? आपण ज्यांची भजी करतो ती जाड, लवदार पानं कॅरिबियनमध्येही ‘रुंद पानांचा थाइम’ म्हणून मसाल्यात वापरतात. कुंडीत असतील तर प्रश्नच मिटला. वास उग्र असतो, तीनच पुरेत.

स्कॉच बॉनेटला मात्र खरा पर्याय नाही. ती भयंकर तिखट असते, पण तिला फळासारखा वासही असतो. आपल्या हिरव्या मिरचीने तिखटपणा येईल, तो वास येणार नाही. ईशान्येकडची भूत जोलोकिया तिच्या जवळच्या नात्यातली आहे, पण ती वापरायची तर अगदी नखाएवढी आणि हातमोजे घालूनच.

कृती:

१. निम्मं तेल बाजूला ठेवा. चिकन सोडून बाकी सगळं मिक्सरमधून जाडसर वाटा. चिकनला चोळून फ्रिजमध्ये किमान ४ तास, जमलं तर रात्रभर ठेवा.

२. जाड बुडाच्या कढईत उरलेलं तेल तापवा. मसाला थोडा निपटून चिकन मोठ्या आचेवर दोन्ही बाजूंनी ३-३ मिनिटं भाजा. डाग पडू द्या, चव त्यातच आहे.

३. उरलेला मसाला आणि अर्धी वाटी पाणी घाला. झाकण ठेवून मंद आचेवर १५ ते २० मिनिटं शिजवा. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड तुकड्याच्या आत ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवं. नसेल तर तुकडा कापून बघा. आत कुठेही गुलाबी नको.

४. चिकन बाहेर काढून १० मिनिटं थांबा. मग दोन काट्यांनी धाग्यांच्या दिशेने ओढा. कढईतला रस्सा आटवून घट्ट करा आणि सुटं केलेलं चिकन त्यात घोळवा. ही पायरी गाळली तर चिकन कोरडं लागतं. ब्रेस्ट पीस न घेण्याचं कारणही तेच आहे.

५. हवं असेल तर पेटता कोळसा छोट्या वाटीत ठेवून कढईत ठेवा. त्यावर २ लवंगा आणि थेंबभर तेल टाकून ५ मिनिटं झाकण लावा. खिडकी उघडी ठेवा.

चाउसाठी: एक कडक, पाडाला आलेला आंबा आणि वाटीभर अननस बारीक चिरा. त्यात अर्धा कांदा, १ मिरची, लसणाची एक ठेचलेली पाकळी, कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस घाला. पिकलेला हापूस नको, त्याचा लगदा होतो. तोतापुरी उत्तम. आंब्याचा सीझन नसेल तर अर्धकच्ची पपई किंवा कडक पेरू चालेल.

मीठ अगदी वाढताना घाला. आधी घातलं तर फळांना पाणी सुटतं आणि पोळी भिजते. ताजं अननस चिकनच्या मसाल्यातही घालू नका. त्यातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम मांसातली प्रथिनं तोडतं. रात्रभरात चिकनचा वरचा थर पिठूळ होतो.

पोळ्या नेहमीपेक्षा थोड्या मोठ्या, मोहन घालून मऊ करा आणि फडक्यात गुंडाळून ठेवा. पोळीवर चिरलेला कोबी, त्यावर चिकन, त्यावर पाणी निथळून चाउ. खालची बाजू आधी दुमडा, मग दोन्ही कडा. डब्यात न्यायचं असेल तर चाउ वेगळ्या डबीत द्या आणि चिकन फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

आणि ‘चिकनमध्ये आंबा?’ वाल्यांना आता सांगा की हे शेफचं खूळ नाही. त्रिनिदादचे लोक तिखटमिठाची कैरी पिढ्यान्‌पिढ्या खातायत. जमैकाच्या डोंगरातला मसाला आणि गिरमिटियांची पोळी तिच्या शेजारी आपण आज ठेवतोय, एवढंच.

रील टाकलीत तर कॅप्शनमध्ये ‘कॅरिबियन’च्या जागी जमैका आणि त्रिनिदाद ही दोन नावं लिहा. कोणीतरी विचारेलच, पोळीचा आणि त्रिनिदादचा काय संबंध? तेव्हा त्याला ३० मे १८४५ ची गोष्ट सांगता येईल.